खैरडोंगरचा माळी

नंदुरबार, ता. १६ जानेवारी १९६४

ती. सौ. पार्वतीआक्का हिस मगनचा साष्टांग नमस्कार.

माझं अक्षर ओळखून तू हे पाकीट न फोडता बाजूला ठेवशील अशी मला भीती वाटते. तसं करू नकोस. तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, भाऊबीजेला न्यायला आलो नाही. तूही आली नाहीस. तो विषय आज काढत नाही.

बातमी अशी की आपला खैरडोंगरचा बंगला पुन्हा उभा राहिला. सरकारने तो दुरुस्त करून लोकांना पाहायला खुला केला. परवाच्या रविवारी, बारा तारखेला, मोठा समारंभ झाला. सगळं काम माझ्या देखरेखीखाली झालं. धुळ्याहून मोटारी आल्या होत्या. तू आली असतीस तर तुला ओळखू आलं नसतं. छपरावर नवी कौलं, सागवानी व्हरांड्याला तेलपाणी, दिवाणखान्याच्या खिडक्यांना पूर्वीसारख्याच रंगीत काचा. साहेबाची शेकोटीची भिंत आहे तशीच ठेवली आहे. आपण ज्या मागच्या खोलीत राहत होतो ती पाडावी लागली. तिथे आता मोटारी उभ्या राहतात.

आणि बाग! गोरा साहेब गेल्यापासून सोळा वर्षं तिथे घाणेरी आणि रानतुळस माजली होती. आता मधलं दगडी कारंजं चालू झालं आहे, त्याच्या भोवती आठ वाफे, प्रत्येक वाफ्यात वेगळ्या रंगाचा गुलाब. पाहुण्यांना मीच सगळी बाग फिरवून दाखवली. कार्यकारी इंजिनियर साहेबांनी सर्वांसमोर माझी पाठ थोपटली. वर्तमानपत्रासाठी फोटोही काढला.

आबा बरे आहेत. मोतीबिंदू वाढला आहे, बाकी तब्येत ठीक.

एक विचारायचं होतं. या चार दिवसांत तुमच्याकडे आपल्यातलं कोणी आलं होतं का? नवापूरच्या स्टेशनवर दाजींना कोणी ओळखीचं भेटलं का? सहज विचारतो. उत्तर मात्र लगेच पाठव, दोन ओळींचं असलं तरी चालेल.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा भाऊ
मगन


नंदुरबार, ता. २४ जानेवारी १९६४

आक्का,

तुझं कार्ड मिळालं. तू एवढंच लिहिलंस, "इथे कोणी आलं नाही. आबा कुठे आहेत?" तुझ्यापासून मला कधी काही लपवता आलं नाही. मग मागचं पत्र लिहिताना ते जमेल असं मला का वाटलं, कोण जाणे.

आबा घरी नाहीत. बारा तारखेपासून नाहीत.

दाजींना तू लगेच पाठवलंस ते बरं केलंस. तीन दिवस आम्ही दोघे फिरलो. रनाळ्याच्या आत्याकडे गेलो, शहाद्याच्या बाजारात विचारलं, स्टेशनवरच्या हमालांना विचारलं, तापीकाठच्या धर्मशाळेतही पाहून आलो. दाजींनी मला वाटेत दोनदा विचारलं, "मगनराव, काही बोलणं झालं होतं का?" मी दोन्ही वेळा म्हणालो, जेवणावरून थोडी कुरबूर झाली होती, म्हातारपणात माणूस हट्टी होतो. तुझा नवरा भला माणूस आहे. मी खोटं बोलतो हे त्यांना कळलं असणार, पण त्यांनी मला तोंडावर पाडलं नाही.

तुझी भावजय मंगला दोन वेळचं ताट वाढून आबांच्या खोलीच्या दाराशी ठेवते आणि मग उचलून गाईला घालते. काय झालं ते तिला ठाऊक आहे. समारंभाला ती हजर होती.

जेवणावरून कुरबूर झाली नव्हती, आक्का. एवढंच आज लिहवतं.

मगन


नंदुरबार, ता. ३१ जानेवारी १९६४

आक्का,

तू लिहितेस, "मला सगळं सांग, नाहीतर पुन्हा पत्र लिहू नकोस." सांगतो. ऑफिस सुटल्यावर कुलूप लावून एकटाच बसलो आहे. इथून न लिहिता उठायचं नाही असं ठरवलं आहे.

आई गेल्यावर आबा तुझ्याकडे दीड वर्ष राहिले. रंगावलीकाठच्या तुमच्या मळ्यात ते वांगी-मिरचीचे वाफे करत आणि खुशीत होते. मी आलो आणि तुझ्या सासऱ्यांसमोर ओरडलो की बापाने मुलीच्या दारात राहायचं हे आम्हाला शोभत नाही, लोक मला विचारतात. तू तेव्हा म्हणालीस, "तुला बाप नको आहे मगन. लोकांना दाखवायला बाप हवा आहे." त्या वाक्याचा राग धरून मी तीन वर्षं बसलो. आज वाटतं, मी तसा असतो तरी बरं झालं असतं. मी तर बाप लोकांना दाखवलाही नाही.

गेल्या वर्षी बंगल्याचं काम माझ्याकडे आलं. इमारतीचे नकाशे दप्तरात सापडले, बागेचा एकही कागद नव्हता. इंजिनियर साहेब म्हणाले, बाग मूळ होती तशीच व्हायला हवी, कुठूनही शोधून काढा. मी घरी येऊन आबांना विचारलं. त्यांनी मंगलाकडून सूपभर ज्वारी मागितली आणि जमिनीवर मांडायला बसले. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पण हात चुकत नव्हता. मधे कारंजं. इथून पाट निघतो. हा पिवळ्या गुलाबाचा वाफा, हा पांढऱ्याचा. इथे बुचाचं झाड, त्याच्या सावलीत मडमेचं बाक. पायऱ्या सात आहेत, सहा नाहीत. तीन आठवडे रोज संध्याकाळी ते सांगत होते आणि मी कागदावर उतरवत होतो. आक्का, इतके आनंदात मी त्यांना आई असतानाही पाहिलं नव्हतं. पुन्हा पुन्हा म्हणायचे, "मगन, माले एकदाव लई जाय. देखसू." मी म्हणायचो, काम होऊ द्या, मग नेतो.

नकाशा साहेबांच्या टेबलावर ठेवला तेव्हा त्यांनी विचारलं, "एवढं कुठून मिळवलंत?" मी म्हणालो, जुन्या दप्तरातून, महिनाभर बसून. माझा बाप इथे माळी होता हे माझ्या तोंडून निघालं नाही. ऑफिसात मी माळी नाही, महाजन आहे. साहेब मला चहाला बोलावतात. त्यांच्या बायकोने एकदा विचारलं होतं, तुमचे वडील काय करत? मी म्हणालो, बागायत होती. नकाशाच्या कोपऱ्यात मी लिहिलं, "संशोधन व आराखडा, एम. बी. महाजन."

बारा तारखेला मी आबांना घरीच ठेवलं. म्हणालो, गर्दी आहे, तुम्हाला धक्का लागेल, पुढच्या आठवड्यात नेईन. ते "बरं" म्हणाले. मंगलाला घेऊन मी जीपने पुढे गेलो. मागून खुर्च्या नेणारी लॉरी घरावरूनच जात होती. आबांनी हात करून ती थांबवली आणि ड्रायव्हरशेजारी बसून डोंगर चढून आले. अंगात गोऱ्या साहेबाने दिलेला खाकी कोट होता, पितळी बटणांचा.

मी पाहुण्यांना घेऊन कारंज्यापाशी आलो तर आबा लाल गुलाबाच्या वाफ्यात उकिडवे बसलेले. नव्या माळ्यांनी कलमाखालचे रानटी फुटवे तसेच वाढू दिले होते. बोटांनी चाचपून आबा ते एकेक मुळापासून ओढून काढत होते. हाताला काटे लागून रक्त आलं होतं. पाहुण्यांतल्या एक बाई ओरडल्या, "अहो, हा म्हातारा झाडं उपटतोय!" पहारेकरी धावला. भिला त्याचं नाव, तळोद्याचा आहे. त्याने आबांना दंडाला धरून उभं केलं. इंजिनियर साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "महाजन, कोण आहे हा? ओळखता?"

आबांनी माझ्या दिशेने मान वळवली. मी तीन-चार पावलांवर होतो. एवढ्या अंतरावरून त्यांना माणूस दिसतो.

मी म्हणालो, "नाही साहेब. खालच्या पाड्यातला कोणी असेल."

आणि मग आबा बोलले. हात जोडून, माझ्याकडे पाहून बोलले. "हां साहेब. वाट चुकनू मी."

मला साहेब म्हणाले, आक्का. माझी लाज राखायला म्हणाले. भिलाने त्यांना फाटकाकडे नेलं. ते पडतझडत गेले नाहीत, सावकाश गेले, बागेतून जाताना कुठला पाय कुठे टाकायचा हे त्यांना पाठ होतं. मी पाहुण्यांना म्हणालो, "या, इकडे मडमेचं बाक आहे." पुढचा अर्धा तास मी बोलतच राहिलो. फोटोत मी हसतो आहे.

समारंभ संपल्यावर फाटकाबाहेर आलो. आबा दिसले नाहीत. तुला सगळं सांगायचं कबूल केलं आहे म्हणून हेही सांगतो. त्या क्षणी मला हायसं वाटलं. आता कोणी बघणार नाही असं वाटलं. लॉरीने घरी गेले असतील म्हणून मी शोधलंही नाही. घरी येऊन पाहिलं तर खाट रिकामी होती.

एकोणीस दिवस झाले. पहारेकऱ्याकडे मी अजून गेलो नाही. सगळीकडे शोधलं, फक्त तिथे नाही. तिथे विचारायचं म्हणजे कोणाला शोधतोय हे सांगावं लागणार. परवा रविवार आहे. जातो.

मगन


नंदुरबार, ता. ५ फेब्रुवारी १९६४

आक्का,

आबा सापडले. सुखरूप आहेत. ही ओळ आधी वाच, मग पाणी पी आणि पुढचं वाच.

रविवारी सकाळी बंगल्यावर पोचलो. सुट्टीमुळे पाहायला आलेले लोक बरेच होते. भिला फाटकावर उभा होता. त्याने सलाम केला. मी म्हणालो, "त्या दिवशी तो म्हातारा आला होता, तो कुठे गेला?"

"कोन म्हातारा, साहेब?"

"ज्याला तू बाहेर काढलंस तो."

"तो तर वाट चुकेल व्हता ना?" भिला म्हणाला.

लोक आत-बाहेर करत होते. दोन बायका फुलांबद्दल बोलत शेजारीच उभ्या होत्या. मी म्हणालो, "भिला, हाऊ मन्हा बाप शे." कॉलेज सुटल्यापासून मी घराबाहेर अहिराणी बोललो नव्हतो. त्या बायका वळून बघायला लागल्या. मी पुन्हा म्हणालो, "तो म्हातारा मन्हा बाप शे. ही बाग त्यानीच करेल शे. माले सांग, तो कोठे शे."

भिलाने टोपी काढून हातात घेतली. "माले तवयच माहीत व्हतं, साहेब. त्यानं तोंड नि तुमनं तोंड एकच शे. फाटकपाशी मी इचारं बी, बाबा, साहेब तुमना कोन? तो काहीच बोलना नही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इचारंच नही."

भिलानेच त्या दिवशी आबांना आपल्या खोलीत बसवलं, हाताला हळद लावली, चहा पाजला. घरी पोचवतो म्हणाला तर आबा नको म्हणाले. खालच्या पाड्यावर डोंगरसिंग राहतो तिकडे नेऊन सोड म्हणाले. तुला डोंगरसिंग आठवत असेल, विहिरीवरून बागेला पाणी सोडणारा पावरा आदिवासी. कान फुटल्यावर त्याच्या बायकोने, कालीबाईने, तुझ्या कानात कसलातरी रस पिळला होता.

तासभर उतरल्यावर पाडा लागला. डोंगरसिंगच्या अंगणात आबा मक्याची कणसं सोलत बसले होते. अंग वाळलं आहे, पण दाढी कोणीतरी नीट केली होती. डोंगरसिंग मला पाहून उठला आणि मोडक्या मराठीत म्हणाला, "आला का? दौरा संपला तुझा? म्हातारा रोज सांगतो, पोरगा सरकारी दौऱ्यावर आहे, मोकळा झाला की न्यायला येईल."

एकवीस दिवस त्यांनी लोकांना हे सांगितलं होतं.

मी पायांवर पडलो. सगळं बोललो, मोठ्याने बोललो, डोंगरसिंग आणि कालीबाईसमोर. आबा कणीस सोलत राहिले. मग म्हणाले, "ऊठ. कपडा मळतीन."

मी उठलो नाही. तेव्हा त्यांनी कणीस खाली ठेवलं. जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"नकाशावर मन्हं नाव नही टाकं, त्यानं माले काही नही. मन्हं नाव कोन्हा कागदवर कधी व्हतंच नही. पन तो गोरा साहेब, परका मानूस, पाहुना उनात का माले हाक मारे. माले बाजूले उभा करीसन सांगे, हाऊ भटू, बाग यानी शे. तेवढं त्याले सांगता ये. तुले नही उनं?"

मला नाही आलं, आक्का.

मी म्हणालो, आबा, चला, आत्ता वर चला, सगळ्यांसमोर तुम्हाला बागेत नेतो. ते म्हणाले, "देखी लिधी मी बाग. झाडं चांगला शेतस. फुटवा काढाले सांग त्यासले." वर यायला ते तयार झाले नाहीत. कालीबाईने भाकरी वाढली. मी आबांच्या शेजारी बसून जेवलो. जेवताना त्यांनी फक्त एकच विचारलं, मंगला कशी आहे.

सोमवारी मी इंजिनियर साहेबांना लेखी दिलं की बागेचा आराखडा माझे वडील भटू माळी यांनी सांगितला, दप्तरात काही सापडलं नव्हतं, आणि त्या दिवशी बाहेर काढलेला म्हातारा तेच होते. साहेबांनी कागद दोनदा वाचला. मला बसा म्हणाले नाहीत. "हे तेव्हाच सांगितलं असतंत तर मी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं असतं, महाजन," एवढंच म्हणाले. शिक्षा केली असती तर सोसली असती. हे सोसत नाही. बागेतल्या फलकावर माझं नाव आहे, तो बदलता येईल की नाही ते वरून ठरेल.

आबा माझ्याकडे यायला तयार नाहीत. रागाने म्हणत नाहीत, शांतपणे म्हणतात. "मी पार्वतीकडे जासू" म्हणतात. तुझ्या दारातून ज्यांना मी ओढून आणलं त्यांना परत तुझ्याच दारात ठेवायला मी तुझी परवानगी मागतो आहे. मला घरात घेऊ नकोस हवं तर. स्टेशनवर त्यांना तुझ्या हाती देऊन त्याच पावली परतेन.

मगन


नवापूर, ता. १० फेब्रुवारी १९६४

मगनले पार्वतीना आशीर्वाद.

तुन्हं पत्र मी चारदाव वाचं. रडनू बी. आबाले लई ये, ते माले इचारानं काय काम? त्यासनी खाट मी काढेलच नही.

तू बी ये. स्टेशनवरथून परत जावानं नही. पन आयक. पत्रमा तू समदं खरं लिखं, ते मी एकलीच वाचस. तीन वरीस पहिले मन्हा ओटावर, मन्हा सासरादेखत, शेजारपाजारदेखत, तू बापले लई गया. आते त्याच ओटावर बठ. तेच मानसं बलावसू. आबाना हात धरीसन त्यासले सांग, हाऊ कोन शे नि तू काय करं. मंग घरमा ये. जेवण तयार ऱ्हाई.

पार्वती


नंदुरबार, ता. १३ फेब्रुवारी १९६४

आक्का,

कार्ड मिळालं. पाड्यावर जाऊन आबांना वाचून दाखवलं. मंगलाही सोबत येते आहे.

मंगळवारी, अठरा तारखेला, सुरतच्या गाडीने आम्ही नवापूरला उतरतो.

सगळ्यांना बोलावून ठेव.

मगन